पाच बसतील, चार झोपतील

कॅम्पर व्हॅन म्हणजे चाकांवरचं घर, असं माझा भाचा म्हणतो. माझं म्हणणं असं की घराला चाकं लावली की ते घर राहत नाही आणि गाडीत गाद्या घातल्या की ती गाडी राहत नाही. पण माझं म्हणणं विचारतंय कोण? आमच्या घरात मला दोनच प्रश्न विचारले जातात: चष्मा कुठे ठेवला आणि गॅस बंद केला का. दोन्हींची उत्तरं मला येतात, म्हणून माझं बरं चाललंय.

भाचा म्हणजे माझ्या धाकट्या भावाचा मुलगा. तो लिफ्ट तपासतो. दिवसभर लिफ्टखालच्या खड्ड्यात उभा राहून वर बघतो, त्यामुळे त्याची मान कायम जराशी मागे असते आणि नवख्या माणसाला तो शिष्ट वाटतो. शिष्ट नाही तो, फक्त खालून बघायची सवय लागली आहे. कुठल्याही खोलीत शिरला की आधी माणसं मोजतो आणि मग बोलायला लागतो. त्याची बायको, म्हणजे आमची सूनबाई, एका गोदामात पॅकिंग विभाग सांभाळते. तिच्या मते न मावणारी वस्तू जगात नाही, फक्त वेंधळेपणाने ठेवलेल्या वस्तू आहेत. त्यांना दोन मुली. थोरली चौदा वर्षांची, ती आमच्याकडे राहते पण आमच्याशी नातं असल्याचं बाहेर कबूल करत नाही. धाकटीला गाडी लागते, बोट लागते, एकदा तर झोपाळाही लागला होता. आणि मी. मी उभा जन्म एका सिनेमागृहात टॉर्च घेऊन लोकांना अंधारात त्यांच्या खुर्च्या दाखवल्या. लग्नाच्या फंदात पडले नाही. नोकरी संपल्यावर भाच्याने स्वतःहून मला घरी आणलं, आणि मीही फार आढेवेढे घेतले नाहीत.

आता मुद्द्याचं. आमच्या घरात फिरायला जाण्याचे दोन प्रकार आहेत. सकाळी जाऊन संध्याकाळी परत यायचं ती सहल. तिला मी असते, मागच्या सीटवर मधोमध, हातात धाकटीसाठी उघडून धरलेली पिशवी. आणि आठ-दहा दिवस जाऊन राहायचं ती सुट्टी. तिला मी नसते.

याला कारण मीच. अगदी पहिल्या वर्षी त्यांनी समुद्राकाठी एक खोली ठरवली, तिच्यात चार गाद्या. भाचा कागद घेऊन बसला आणि त्याच्या चेहऱ्यावर हिशेब दिसायला लागला. एवढा मोठा झाला, पण चेहरा लपवता येत नाही. तो काही बोलायच्या आत मी म्हणून गेले, "मला नको धरूस बाबा. परक्या गादीवर मला झोप लागत नाही. आणि कुंड्यांना पाणी कोण घालणार?" मला वाटलं होतं तो म्हणेल, असं कसं आत्या, चल. तो म्हणाला, "बरं." तेव्हापासून हा आमच्या घरातला कायदा झाला. खरं सांगायचं तर मला परक्या गादीवरच काय, सिनेमागृहाच्या जिन्यावरसुद्धा झोप लागायची. मला जायचं असतं. समुद्र मी फक्त पडद्यावर बघितलाय, तोही बाजूने, कारण मी कडेला उभी असायचे. पण ताकाला जाऊन भांडं लपवायची आमच्या घराण्याची खोड आहे, आणि एकदा लपवलेलं भांडं बाहेर काढायची मला लाज वाटते.

सुट्टीवरून ते मला फोटो पाठवतात. चौघं उन्हात डोळे बारीक करून हसत असतात. चौघांच्या मध्ये कुठे एका माणसाची जागा सुटलेली दिसते का, ते मी चष्मा लावून बघते. सुटलेली नसते.

कुंड्यांचंही सांगून टाकते. गॅलरीत तीन कुंड्या आहेत. मध्यंतरी एका सकाळी बघते तर तिन्हींतली झाडं बदललेली. पानं चकाचक, एकही पिवळं नाही, आणि हात लावला तर प्लास्टिक. कुणीतरी गुपचूप खरी झाडं काढून खोटी लावली होती. मी काय समजायचं ते समजले: म्हातारीच्या हातून झाडं मरतात, पण तिला तोंडावर कसं सांगायचं? वाईट वाटलं, खूप वाटलं. पण बोलले असते तर पाणी घालायचं कामही गेलं असतं, आणि मग सुट्टीत मी घरी राहायचं ते कशासाठी? म्हणून मी पाणी घालतच राहिले. रोज सकाळी, झारी घेऊन, सगळ्यांना दिसेल असं. ते सगळंच्या सगळं खालच्या बशीत येतं, बशीतून लादीवर येतं आणि मग मी पुसते.

या वर्षी जुनी गाडी रस्त्यात बसली ती उठलीच नाही. भाच्याने ठरवलं, आता घ्यायची ती कॅम्पर व्हॅनच. सहलीलाही तीच आणि सुट्टीलाही तीच. आम्ही पाचही जण शोरूमला गेलो. तिथला विक्रेता आम्ही काही बोललो तरी हसायचा आणि नाही बोललो तरी हसायचा, म्हणून मुलींनी त्याचं नाव हसऱ्या ठेवलं. हसऱ्याने आधी एक अवाढव्य गाडी दाखवली. तिच्यात सहा जण झोपतील, आंघोळी करतील आणि भांडण झालं तर वेगवेगळ्या कोपऱ्यांत जाऊन रुसतील अशी सोय होती. पण आमच्या इमारतीच्या फाटकाची कमान तिच्याहून ठेंगणी. भाचा म्हणाला की गाडी आत न्यायची तर इमारत वर उचलावी लागेल, आणि ते त्याच्या खात्यात येत नाही. शिवाय असलं धूड घेऊन बागेत सँडविच खायला गेलं तर ते लावायलाच दुसरी बाग लागेल, असं सूनबाईचं मत पडलं. न मावणारी वस्तू तिने आयुष्यात पहिल्यांदाच मान्य केली.

मग त्याने बेताची गाडी दाखवली. निळी, छप्पर वर उचललं जाणारी, छपराखाली वरचा बिछाना. तिच्या दारावर हात फिरवत हसऱ्या म्हणाला, "फॅमिलीसाठी एकदम परफेक्ट. पाच बसतील, चार झोपतील."

सगळे गाडीच्या छपराकडे बघायला लागले. लिफ्टमध्ये एक माणूस जास्त झाला की दार मिटत नाही आणि सगळे छताकडे बघायला लागतात, तसे. मी विचारलं, मग पाचवा काय रात्रभर बसून राहणार? हसऱ्या हसला. सूनबाईने घाईघाईने समजावलं की आत्या सुट्टीला येतच नाहीत, त्यांना परक्या गादीवर झोप लागत नाही, शिवाय घराकडेही कुणीतरी बघायला हवं. हसऱ्या म्हणाला, मग प्रश्नच मिटला. पुढच्या दोन सीटांवर आडवी टाकायची लहान मुलाची एक गादी जादा मिळते, ती हवी का? सूनबाई म्हणाली, चौघांना चार पुरेत, उगाच अडगळ कशाला. प्रश्न मिटला तो असा, माझ्या डोळ्यांदेखत, आणि मी मानही डोलावली.

पण भाचा तपासल्याशिवाय साधी खुर्चीसुद्धा घेत नाही. त्याने माहितीपत्रकातला नकाशा आणला, बैठकीच्या खोलीतलं सामान भिंतींना लावलं, आणि बंद लिफ्टच्या दारावर लावतात ती पिवळी-काळी पट्टी घेऊन जमिनीवर अख्खी गाडी आखली. पूर्ण मापाची. हे सरकतं दार, ही शेगडी, हे कपाट, ही सीटं. शनिवार-रविवार सगळ्यांनी या गाडीत राहायचं. भिंत ओलांडायची नाही. यायचं-जायचं ते दारातूनच, आणि दार सरकवल्याचा हात करूनच. मी म्हटलं, वेड लागलंय का. पण पालथ्या घड्यावर पाणी.

शनिवारी सकाळी सहल झाली. पाच खुर्च्या मांडल्या, पाचवीत मी. भाचा पुढे बसून जेवणाचं ताट स्टिअरिंग म्हणून फिरवत होता आणि आम्ही वळणावर अंग कलतं करत होतो. तिसऱ्या वळणाला धाकटीला खरोखरीच मळमळायला लागलं. गाडी थांबवून तिला दारातून बाहेर न्यावं लागलं. तेवढ्यात थोरलीने जाहीर केलं की ती इथेच उतरते आणि मागून बसने येते. सूनबाईने शेगडीच्या जागी बसून सगळ्यांना सँडविच वाटली. मला मजा आली, खोटं कशाला बोलू.

रात्र दुपारी दोन वाजता ठेवली होती. खरी रात्र जमिनीवर काढायला भाच्याची कंबर तयार नव्हती. पडदे ओढले. खाली दोन गाद्या घातल्या, आणि वरचा मजला जमिनीवर आखता येईना म्हणून सोफा ओढून पट्टीत घेतला आणि मुलींना त्यावर चढवलं. मी आपली पाचव्या खुर्चीत बसून होते. भाचा म्हणाला, "आत्या, तू उतर आता. रात्र झाली."

उतरले. दार सरकवल्याचा हातसुद्धा केला. भर दुपारी, राहत्या घरात, त्या पट्टीच्या बाहेर उभी राहिले आणि मला रडू यायला लागलं. रडू आलं की मला राग येतो.

मी रिकामी दिसायला नको म्हणून त्यांनी मला बाहेरचं जग नेमलं. कॅम्पच्या जागेची मॅनेजर मी, पेट्रोल पंप मी, हवामानही मीच. म्हटलं, ठीक आहे, आता बघाच. हवामान म्हणून मी त्यांच्यावर झारी धरली. मॅनेजर म्हणून तोंडावर टॉर्च मारून तिकिटं मागितली आणि ती नाहीत म्हटल्यावर त्यांची जागा स्वच्छतागृहाशेजारी हलवली. पेट्रोल पंप म्हणून संपावर गेले. आणि चहा घेऊन आले ती सरळ शेगडीमागच्या भिंतीतून. भाचा गादीवर ताडकन उठून बसला.

"आत्या, तू भिंतीतून आलीस."

"मग पाड भिंत," मी म्हटलं आणि कपाटातून बाहेर गेले.

बाकी चौघं मात्र त्या गाडीत मुरली. सूनबाईने तर कवायतच लावली. डोळे मिटून उठायचं, डावीकडे दोन पावलं, हात पुढे, दार सरकवायचं, बाहेर. रविवार संध्याकाळपर्यंत धाकटीलाही झोपेत जमायला लागलं. पट्ट्या काढल्यावरही आठवडाभर ही मंडळी बैठकीच्या खोलीतून जाताना नसलेल्या कपाटाला वळसा घालत होती. मी त्याच्या मधून जायचे.

पुढच्या शनिवारी खऱ्या गाडीची परीक्षा होती. छप्पर उभारलेलं होतं, गाद्या घातलेल्या होत्या. चौघं आत जाऊन आपापल्या जागी पडली आणि डोळे मिटले. मी हसऱ्याशेजारी बाहेर उभी. सूनबाईने आतून आवाज दिला, आग लागली, बाहेर पडा.

चौघंही शिकवल्याप्रमाणे डावीकडे धावली. डावीकडे कपाट होतं. भाच्याने ते कपाळाने उघडलं. सूनबाई भांडी धुवायच्या बेसिनमध्ये बसली. थोरलीने दार समजून खिडकीचा पडदा सरकवला आणि तो हातात घेऊन उभी राहिली. धाकटी कुठे गेली ते काही वेळ कळलंच नाही, मग ती टेबलाखालून म्हणाली की आपण सगळे जळलो का? हसऱ्याचं हसू पहिल्यांदाच गेलं.

झालं असं होतं की सगळं आयुष्य खड्ड्यातून वर बघण्यात घालवलेल्या माणसाने गाडीही खालून दिसेल तशी आखली होती. त्यामुळे डावं ते उजवं आणि उजवं ते डावं. पण ते मान्य करेल तर तो भाचा कसला. तो कोट काढून गाडीखाली सरकला आणि तिथून त्याचा आवाज आला की इथून सगळं बरोबर आहे. नाचता येईना अंगण वाकडं. मग सूनबाई म्हणाली की शिकलेलं पुसायचं आणि पहिल्यापासून सुरुवात करायची. पुन्हा गाद्या, पुन्हा आग, या खेपेला मुलीही खालीच. डावीकडे नाही, दुसऱ्या डावीकडे, असं आतून ऐकू यायला लागलं.

माझे पाय दुखायला लागले होते. हसऱ्यालाही, मला वाटतं, निरुपद्रवी गिऱ्हाईक हवं होतं. तो मला म्हणाला, तुम्ही वरचा बिछाना बघा ना मॅडम. मी म्हटलं, मी सुट्टीला जात नाही. तो म्हणाला, बघायला काय जातंय? भाच्याने गाडीखालूनच वरच्या बिछान्याला किती भार चालतो ते सांगितलं आणि पुढे काही बोलला नाही, ते बरं केलं. पुढचं दार उघडून, सीटवर पाय देऊन मी शिडी चढले. गुडघ्यांनी कुरकुर केली, पण चढले. वर ऊबदार कापडी भिंती, उशाशी बोटभर जाळीची खिडकी. खाली अंधारलेल्या गाडीत माणसं आपापली जागा शोधत एकमेकांवर धडपडत होती. हा आवाज माझ्या चांगल्या ओळखीचा. म्हटलं, जरा पाठ टेकू.

जाग आली ती शांततेने. कडेवरून खाली वाकून बघितलं तर चौघं आणि हसऱ्या माझ्याकडे बघत उभे होते.

"आत्या, तुला झोप लागली होती," भाचा म्हणाला.

"छे. डोळे मिटून पडले होते."

थोरलीने फोन वर धरला आणि ऐकवलं. गाडीचं इंजिन असेल म्हणावं तर इंजिन बंद होतं. एवढं घोरणं मी फक्त शेवटच्या खेळाला पाठीमागच्या रांगेतून ऐकलेलं आहे.

"पण परक्या गादीवर तुम्हाला..." सूनबाई म्हणाली आणि मध्येच थांबली.

भाचा मान मागे टाकून माझ्याकडे बघत होता. मग त्याने विचारलं, "आत्या, तुला सुट्टीला यायचं असतं का गं?"

एवढ्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. मीच विचारू दिलं नव्हतं म्हणा. पण जिभेची सवय वाईट. म्हणालेच, "अरे पण कुंड्यांना पाणी..."

"त्या प्लास्टिकच्या आहेत."

"मला काय डोळे नाहीत? माहितीये मला."

"मग पाणी कशाला घालतेस?"

"मग तू आणल्यास कशाला?"

त्याने मान चोळली. मग खाली बघत, म्हणजे त्याला जमत नाही त्या दिशेला बघत, त्याने सांगितलं. खरी झाडं त्याने खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना देऊन टाकली होती. धडधाकट होती ती, अजून आहेत. त्याला वाटलं होतं, पाणी घालायचं कामच राहिलं नाही की आत्या मोकळी होईल, आपणहून म्हणेल, चला, मीही येते. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर आत्या झारी घेऊन प्लास्टिकला पाणी घालतेय.

"मला वाटलं, हिला आपल्याबरोबर यायचंच नाहीये," तो म्हणाला. "तू रोज घालायचीस आत्या. सगळ्यांना दिसेल असं."

दोघंही एकाच घराण्यातले. त्याने भांडं लपवलं, मी भांडं लपवलं, आणि ताक तसंच राहिलं. मला रडू आलं, आणि या खेपेला राग काही येईना.

"मला यायचंय," मी म्हटलं. वरूनच म्हटलं. खाली उतरले असते तर उतरता उतरता शब्द गिळला असता. "मला समुद्र बघायचाय. समोरून."

भाच्याने पुन्हा मान मागे टाकली. त्याला सगळं खालूनच नीट दिसतं, त्याला तो काय करणार. त्याने तिथेच उभ्या उभ्या आम्हाला मोजलं.

सूनबाईने मात्र पुढच्या सीटांवर विती मोजायला सुरुवातही केली होती. लहान मुलाची जादा गादी तिथे, तिच्यावर धाकटी. खाली ती दोघं. वर आत्या आणि थोरली. थोरली म्हणाली की ती नाहीतरी कानांत गाणी घालून झोपते, त्यामुळे तिला चालेल, फक्त हे बाहेर कुणाला सांगायचं नाही. धाकटीने विचारलं, पुढच्या सीटवर झोपलं तर झोपेत गाडी लागते का. न मावणारी वस्तू नाहीच म्हणाले होते ना मी, असं सूनबाई तीनदा म्हणाली आणि मग तिनेही डोळे पुसले.

हसऱ्याचं हसू परत आलं होतं. त्याने पेन काढून विचारलं, मग किती जणांसाठी धरू?

"पाच," भाचा म्हणाला.

"पाच बसायला की झोपायला?"

"दोन्हीला," मी वरून सांगितलं. मग पर्समधून टॉर्च काढला आणि एकेकाला आपापली जागा दाखवली. माझी मला माहीत होती.